पाय टेकायचा नाही!

सिंहगडावर तुम्ही कसे गेला होतात? फर्स्ट इयरला अख्खा ग्रुप घेऊन आतकरवाडीतून चालत? की पहिल्या पावसात बाइकवर, रेनकोट एक आणि माणसं दोन? गेला असालच. पुण्यात शिकायला येऊन सिंहगड न बघितलेलं कुणी अजून तरी मला भेटलेलं नाही.

गाडीनं गेला असाल तर घाटातल्या एखाद्या वळणावर तुम्ही त्याला नक्की मागे टाकलं असणार. सायकलवाला. डोक्यावर हेल्मेट, पाठीला चिकटलेला टी-शर्ट, तोंड उघडं आणि वेग असा की शेजारून कुणी झपाझप चालत असतं तर पुढे निघून गेलं असतं. तुमच्यातलं कुणीतरी ओरडलं असेल, ‘भावा, थोडंच राहिलंय!’ (खरं तर बरंच राहिलेलं असतं, आणि ते त्याला पक्कं माहीत असतं.) मग तुम्ही वर जाऊन भजीची पहिली प्लेट संपवली, दुसरी सांगितली, तेव्हा कुठे तो पार्किंगमध्ये पोचला. आणि तुम्ही एकमेकांना विचारलं असेल, कशाला पण?

त्या ‘कशाला पण’बद्दलच बोलू. मात्र आधी थोडे आकडे, कारण घाट आकड्यांशिवाय कळत नाही.

सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण १३१२ मीटर उंच आहे आणि पुणे शहर ५६० मीटरच्या आसपास. खडकवासल्याच्या धरणावरून डोणज्यात आलात आणि गोळेवाडीचा नाका ओलांडलात की घाट सुरू होतो. तिथून वरच्या पार्किंगपर्यंत आठ-नऊ किलोमीटर रस्ता, आणि तेवढ्यात चढायची उंची सहाशे मीटरच्या जवळपास. म्हणजे सरासरी सात टक्के चढ. सात टक्के ऐकायला किरकोळ वाटतं ना? शंभर मीटर पुढे गेलात की सात मीटर वर, असा त्याचा अर्थ. एक मजला तीन मीटरचा धरला, तर दर शंभर मीटरला दोन मजल्यांपेक्षा जास्त. संपूर्ण घाट म्हणजे दोनशे मजले. लिफ्ट बंद.

त्यात ‘सरासरी’ हा शब्द सीजीपीएसारखाच फसवा. एका सेमिस्टरला काय हाल झाले ते सरासरीत दिसत नाही. घाटात मधेच सपाटीसारखा एखादा तुकडा येतो, श्वास जागेवर येतो, आणि पुढच्या वळणावर रस्ता एकदम भिंतीसारखा समोर उभा राहतो. स्पेनमध्ये अँग्लिरू नावाचा घाट आहे, सायकल स्पर्धांमुळे जगभर बदनाम झालेला. त्याची सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास, पण एका टप्प्यात चढ तेवीस टक्क्यांच्या पुढे जातो. सिंहगड तेवढा क्रूर नाही. पण तिथेही तुमचा निकाल सात टक्क्यांवर लागत नाही, उभ्या तुकड्यांवर लागतो.

आता नियम. तो एकच आहे : नाका ओलांडल्यावर पार्किंग येईपर्यंत जमिनीला पाय टेकायचा नाही. वेळ कितीही लागो. पाणी चालत्या सायकलवर प्यायचं, घाम चालत्या सायकलवर पुसायचा. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, तो मोडला तर कुणी पकडत नाही. तरीही सिंहगड सायकलवर करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिलं उत्तर मिनिटांत येत नाही. ‘न थांबता केला’ किंवा ‘दोनदा थांबलो’ असं येतं.

हा वेडेपणा आपल्याकडचाच आहे असं समजू नका. १९१० साली ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच घाटांमध्ये नेली. रस्ते कच्चे, सायकली लोखंडी, आणि एकाच दिवसात ३२६ किलोमीटर. त्यातल्या तूरमाले घाटात भल्याभल्यांनी सायकल हातात धरून ढकलली. गुस्ताव गारिगू नावाचा खेळाडू मात्र तो चढ न उतरता पार करून गेला, आणि तेवढ्यासाठी त्याला शंभर फ्रँकचं वेगळं बक्षीस मिळालं. पहिला आला म्हणून नव्हे, पाय टेकला नाही म्हणून! पण पुढची गंमत ऐका. त्याच दिवशी ऑक्ताव्ह लापीझ नावाचा दुसरा गडी घाटात पायउतार झाला होता. पुढच्या घाटात आयोजक दिसल्यावर तो संतापून त्यांना चक्क खुनी म्हणाला. आणि त्या दिवसाचा टप्पा कुणी जिंकला? लापीझनंच. त्या वर्षीची अख्खी शर्यतही त्यानंच जिंकली. तेव्हा पायउतार झालेल्याला हसायचं काही कारण नाही.

आपल्याकडेही चढाचा मान वेगळाच. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. पुण्यात पहिला कोण आला हे लोक विसरतील, पण घाटाचा राजा कोण, यावर कट्ट्यावर वाद घालणारे जुने पुणेकर अजून आहेत.

आता तुमच्या ‘कशाला पण’कडे येतो.

जरा आठवून बघा, बारावीनंतर तुम्ही जे जे केलंत, त्यातलं दुसऱ्याशी तुलना न होता मोजलं गेलेलं काय होतं? सीईटीचा पर्सेंटाइल म्हणजे किती जण तुमच्या मागे राहिले, एवढंच. कटऑफ दुसऱ्यांच्या मार्कांवर ठरतो. प्लेसमेंटला कंपनी चार जण घेते, मग तुम्ही कितीही चांगले असा, पाचवे असाल तर घरी. इन्स्टावरही आपल्या फोटोपेक्षा शेजारच्याच्या फोटोला किती लाइक आले ते आपण आधी बघतो. घाटाला यातलं काही ठाऊक नाही. तुमच्या पुढे दहा जण गेले म्हणून चढ वाढत नाही, शंभर जण मागे राहिले म्हणून कमी होत नाही. वर पोचायच्या जागा मर्यादित नाहीत. आणि वशिला चालत नाही. तुमचं वजन, तुमचे पाय, तुमचा श्वास आणि तो रस्ता, यातून जे येईल ते तुमचं. चांगलं असो वा वाईट, पण तुमचं. वयाच्या विसाव्या वर्षी असा एक तरी आकडा आपल्याजवळ असावा, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण बँकेच्या परीक्षा देतेय. दोनदा प्रीलिम निघाली, मेन्सला अडकली. घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. गेल्या थंडीत तिनं भावाची जुनी गिअरची सायकल बाहेर काढली. पहिल्या खेपेला घाटात दोन किलोमीटरवर पाय टेकला. जिथे टेकला तिथलं किलोमीटरचं रीडिंग तिनं पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलं आणि पट्टी हँडलच्या दांड्याला लावून टाकली. दुसऱ्या खेपेला साडेतीन. तिसऱ्या खेपेला पुन्हा साडेतीनच, तेव्हा ती वैतागून आमच्याशी बोलेना. चौथ्या खेपेला सहा. अजून तिचा घाट पुरा झालेला नाही. पण ती पट्टी बघितलीत तर कळेल, पुढे सरकणं नेमकं कसं दिसतं. मेन्सचा कटऑफ तिला हे कधीच दाखवत नाही.

‘पण आपल्याकडे भारीतली सायकल नाहीये यार.’ हे वाक्य येणारच होतं. चला, हिशोब करू.

समजा तुमचं वजन ६० किलो, सायकल १४ किलो आणि पाणीबिणी धरून २ किलो. एकूण ७६. हे सगळं सहाशे मीटर वर उचलायचं आहे. तासाभरात वर पोचायचं तर नुसतं उचलण्यासाठी पायांना साधारण १२५ वॅट सतत द्यावे लागतात. जुना सीलिंग फॅन ७५ वॅट खातो. म्हणजे दीडपेक्षा जास्त पंखे तासभर पायानं फिरवायचे. आता सायकल १४ किलोची नसून आठ किलोची कार्बनची आहे असं धरा. ओझं ७६ वरून ७० वर आलं. तेवढ्याच ताकदीत तासाचा वेळ साधारण पंचावन्न मिनिटांवर येतो. पाच मिनिटं वाचली. त्या पाच मिनिटांसाठी लाखभर रुपये घालायचे का, ते घरी विचारा. उत्तर मला माहीत आहे.

वजनाहून महत्त्वाचे आहेत गिअर. उभ्या चढावर तुमचा वेग ताशी सहा किलोमीटरपर्यंत खाली येतो. बिनगिअरच्या साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पॅडलच्या एका फेरीत ती पाच मीटरच्या वर जाते. त्या वेगाला मिनिटाला जेमतेम वीस फेऱ्या होतात. म्हणजे प्रत्येक फेरीला जिममध्ये लेग प्रेस मारल्यासारखं. गुडघे चार वळणांत बोलायला लागतात. उलट नेहमीच्या तीन चकत्यांच्या एमटीबीला पुढची सगळ्यात लहान चकती २४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी २८ ची असेल, तर त्याच वेगाला मिनिटाला पंचावन्न फेऱ्या बसतात. ताकद एकूण तेवढीच, पण छोट्या-छोट्या हप्त्यांत. ईएमआय म्हणा हवं तर. टूर द फ्रान्सच्या मुख्य खेळाडूंनासुद्धा गिअर बदलणारी यंत्रणा वापरायची परवानगी थेट १९३७ साली मिळाली. तुमच्याकडच्या जुन्यापान्या एमटीबीवर जे आहे, ते लापीझकडे नव्हतं.

फक्त एक करा. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदला. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना बदलायला गेलात की चेन कडकड वाजते, कधी पडते, आणि चेन पडली की पाय टेकलाच.

आणि हळू निघा. किती हळू? पहिला किलोमीटर लाज वाटेल इतका हळू. खडकवासल्यापर्यंत सपाटीवर जोर आलेला असतो, बरोबर मित्र असतात, मागून कुणीतरी रील काढत असतं. नाका ओलांडल्यावर सगळे उधळतात. दीड किलोमीटरनंतर तेच बाजूच्या कठड्यावर बसलेले दिसतात. शेजारच्याशी तुटक का होईना, वाक्य बोलता येतंय ना, हे तपासत राहा. बोलता येईनासं झालं की वेग कमी करा. पाय दुखणं, मांड्या भरून येणं हे चालायचंच. पण छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर नियमबियम गेला खड्ड्यात. उतरा, सावलीत बसा, सोबतच्याला सांगा. घाट पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे.

एक बारीक गोष्ट, जी पहिल्यांदा कुणी सांगत नाही. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे चढताना डावीकडे वळणारं तीव्र वळण आलं की आपण आपोआप आतल्या कडेला येतो. वळणाची आतली कड नेहमीच बाहेरच्यापेक्षा जास्त उभी असते, कारण तेवढीच उंची तिथे कमी अंतरात चढायची असते. उजवीकडच्या वळणावर आपण बाहेरच्या कडेला असतो, तिथे थोडा दिलासा मिळतो. म्हणजे डावं वळण दिसलं की आधीच हलका गिअर, आणि उजव्या वळणावर दोन घोट पाणी. आतली कड टाळायला रस्त्याच्या मधे येण्याचा मोह होतो, पण मागून गाडी येत नाहीये याची खात्री असेल तरच. नागमोडी चालवून चढ मारण्याची आयडियाही रिकाम्या रस्त्यापुरतीच. रविवारी नऊ वाजता सिंहगडाचा रस्ता रिकामा नसतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून पहाटे निघा. स्वारगेटपासून नाक्यापर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर आहेत, उजाडता-उजाडता घाटाला लागलात तर गाड्यांची गर्दी व्हायच्या आत वर असाल. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, आणि एकट्यानं नाही.

मोबाइलवर वेळ मोजणारी अ‍ॅप्स आहेत. तुम्ही घाट किती मिनिटांत केला, शहरात तुमचा नंबर कितवा, सगळं सांगतात. वापरा, मजा येते. पण पहिल्या वर्षी ती यादी उघडू नका, असा माझा आगाऊ सल्ला. नाहीतर ज्यातून सुटायला इथे आलात, तेच परत खिशात घेऊन फिराल. ज्यांना आकड्यांचं फारच वेड असतं त्यांच्यासाठी ‘एव्हरेस्टिंग’ नावाचा प्रकार आहे. एकच चढ पुन्हा-पुन्हा चढायचा-उतरायचा, मधे झोपायचं नाही, आणि चढलेल्या उंचीची बेरीज ८८४८ मीटर झाली की एव्हरेस्ट झालं. सिंहगडावर हे करायचं तर जवळपास पंधरा फेऱ्या. मी हिशोब केला, कॅल्क्युलेटर बंद केला आणि चहा घेतला.

पुण्यात नसाल तर? साताऱ्याला यवतेश्वरचा घाट आहे, कोल्हापूरला पन्हाळा आणि जोतिबा, अमरावतीकरांना चिखलदरा. मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता सुरुवातीला पुरे. पुण्यातही एकदम सिंहगडावर उडी मारू नका. आधी जुना कात्रज घाट दोन-तीनदा, मग बोपदेव. आणि पावसाळ्यात सिंहगडचा नाद सोडा. घाटात दरडी कोसळतात, रस्ता बंद होतो, आणि धुक्यात तुम्ही कुणाला दिसत नाही. दिवाळीनंतरचे तीन-चार महिने यासाठी सोन्यासारखे.

वर पोचलात की जे खायचं ते खा. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. वजन कमी करायला आला असाल तर मात्र वाईट बातमी आहे. हा घाट चढायला साधारण साडेचारशे कॅलरी लागतात, आणि त्या एका बैठकीत आरामात परत येतात. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी जाऊन या. १६७० च्या त्या रात्री मावळे जिथून चढले तो कडा बघा. आपण डांबरी रस्त्यानं आलोय हे लगेच लक्षात येतं.

आणि आता ज्याच्यासाठी हा लेख खरं तर लिहायला घेतला, ते. उतार.

चढताना फार तर दम लागतो. उतारावर हाडं मोडतात, जीवही जातो. चढताना तुम्ही स्वतःला सहाशे मीटर वर उचललंत, ती सगळी ऊर्जा आता परत द्यायची आहे. थोडी वारा घेतो, बाकीची ब्रेकला गिळावी लागते. ती किती असते माहितीये? सव्वा लिटर पाणी उकळायला पुरेल इतकी. आठ-दहा जणांचा चहा होईल एवढी उष्णता तुमच्या ब्रेकच्या रबरांतून आणि चाकांतून जाणार आहे. म्हणून ब्रेक सतत दाबून धरू नका, ते तापतात आणि मग ऐनवेळी धरत नाहीत. दाबा, वेग कमी करा, सोडा. पुन्हा दाबा. पुढचा आणि मागचा दोन्ही वापरा. ‘पुढचा ब्रेक मारला की माणूस डोक्यावर पडतो’ असं सांगणारा प्रत्येक घरात एक काका असतो. पण सायकल थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, फक्त तो हळूहळू दाबायचा असतो, झटक्यानं नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. वळणावर खडी आणि वाळू साठलेली असते, तिथे ब्रेक दाबलात की चाक घसरलंच. समोरून वर येणारी कार वळणावर तुमच्या बाजूला येणार, असं धरूनच चाला. ती येतेच.

पाय गळालेले असतात, आपण वर पोचल्याच्या आनंदात असतो, वारा कानात भरतो, आणि चढताना ज्यांनी मागे टाकलं त्या बाइकवाल्यांना आता आपण मागे टाकू शकतो. या एका मोहापायी चांगली-चांगली पोरं पट्टीच्या डॉक्टरांकडून थेट ऑपरेशन टेबलावर गेलीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जा आणि ब्रेकची रबरं बघून घ्या. झिजली असतील तर बदला. डिस्कचे असतील तर पॅड बघा. सगळ्या खर्चात सगळ्यात स्वस्त खर्च हाच आहे. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बंद. इअरफोन खिशात.

उतरताना मधे दोनदा थांबा. हो, पाय टेका. उतारावर तो नियम लागू नाही. हात मोकळे करा, ब्रेक निवू द्या, खाली खडकवासल्याचं पाणी दिसतं ते बघा. आणि थांबल्या-थांबल्या चाकाच्या रिमला किंवा ब्रेकच्या डिस्कला बोट लावून बघायचा मोह होईल. लावू नका, भाजतं.